एकास एकशे चव्वेचाळीस

चाळिशी ओलांडलेला मास्तर सुट्टीत काय करतो, या प्रश्नाची काही ठरलेली उत्तरं आहेत. पेपर तपासतो, जनगणनेच्या किंवा निवडणुकीच्या कामाला जातो, घराची डागडुजी करतो. मी यंदाच्या उन्हाळ्यात थोरल्या मुलासोबत प्लॅस्टिकचा रोबो जोडला. स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. एकानं विचारलं, "सर, चालतो का तो?" नाही चालत. बोलतही नाही, दिवाही लागत नाही. साडेबारा सेंटिमीटर उंचीचा आहे आणि कपाटावर उभा राहतो, एवढंच.

या छंदाला जपानमध्ये 'गनप्ला' म्हणतात. गंडम आणि प्लॅस्टिक मॉडेल या दोन शब्दांची ती संधी. (मराठीच्या मास्तराला संधी दिसली की सोडवत नाही.) 'मोबाइल सूट गंडम' ही जपानी कार्टून मालिका १९७९च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, यंत्रांचं रेखाटन कुनिओ ओकावारा यांचं. मालिका ५२ भागांची ठरली होती. प्रेक्षक मिळेनात म्हणून ४३ भागांत, १९८०च्या जानेवारीत गुंडाळली. मग जुलै १९८०मध्ये बांदाई कंपनीनं त्यातल्या पांढऱ्या रोबोचं जोडून बनवायचं मॉडेल ३०० येनला बाजारात आणलं आणि पडलेल्या मालिकेचं नशीब फिरलं. आज चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही तोच रोबो नव्या नव्या साच्यांतून निघतो आहे.

आमच्या मालेगावात हे आलं माझ्या मेहुण्यामुळं. तो दुबईला असतो. रमजान ईदेला आला तेव्हा भाच्यासाठी खोका घेऊन आला. खोक्यात रोबो नव्हताच. सपाट जाळ्या होत्या, पांढरी, निळी, लाल, पिवळी, करडी. प्रत्येक जाळीला नखाएवढे, काही तर तांदळाएवढे तुकडे चिकटलेले. सोबत जपानी भाषेतलं चित्रांचं पुस्तक. आमच्या हिनं सगळं पाहून विचारलं, "भाईनं तुटलेलं आणलंय का?"

त्या जाळीला रनर म्हणतात. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून मोठ्या दाबानं पोलादी साच्यात सोडले की रस ज्या वाटांनी वाहत जातो, त्या वाटा म्हणजे रनर. रस तुकड्यात शिरतो ती अरुंद तोंडं म्हणजे गेट. थंड झाल्यावर साचा उघडतो आणि रस, वाटा, तुकडे सगळं एकसंध बाहेर पडतं. जोडणाऱ्याचं पहिलं काम गेट कापून तुकडा मोकळा करणं. एका झटक्यात तुकड्याला लागून कापायचं नाही. प्लॅस्टिक ओढलं जातं आणि तिथं पांढरा डाग पडतो, तो जाता जात नाही. आधी थोडं लांबून कापायचं, मग उरलेला खुंट हळूच छाटायचा, मग ४००, ६००, ८००, १००० नंबरचे पॉलिशपेपर एकामागून एक फिरवायचे. मुलानं मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून बारीक कटर आणलं आणि पहिले दोन दिवस आम्ही फक्त कापत आणि घासत होतो. गोंद लागतच नाही. तुकडे एकमेकांत 'टक' करून बसतात. १९८०च्या मॉडेलला गोंद लागायचा, ते एकाच रंगाचं असायचं, रंग आपण द्यायचा. आताच्या साच्यात एकाच जाळीत चार रंग ओतता येतात.

जोडायला तीन संध्याकाळी पुरल्या. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

नुसता जोडलेला रोबो खेळण्यासारखाच दिसतो, चकचकीत आणि हलका. त्याला वजन येतं ते बारकाव्यांनी, आणि बारकावे समजायला मालिकेतली कल्पना समजावी लागते. त्याआधीचे कार्टूनमधले रोबो म्हणजे जवळजवळ देवदूतच, वरून यायचे आणि जिंकायचे. गंडम हे लष्कराचं यंत्र आहे. ते कारखान्यात बनतं, त्याला इंधन लागतं, गोळी लागली की दुरुस्तीला जातं. म्हणून त्याच्या अंगावर झडपा आहेत, जोड आहेत, सूचनांच्या चिठ्ठ्या आहेत. मॉडेलवर कोरलेल्या त्या बारीक खाचा म्हणजे दोन पत्र्यांमधल्या फटी. त्या खाचांत रेघ भरायची, याला पॅनल लायनिंग म्हणतात. एवढी एक गोष्ट केली तरी रोबो एकदम मोठा दिसू लागतो.

पण रेघ किती जाड? इथं माप येतं. खोक्यावर १/१४४ लिहिलेलं असतं. मालिकेतला रोबो १८ मीटर उंच, भागिले १४४, म्हणून हातातला साडेबारा सेंटिमीटर. या मापात पाच फूट आठ इंचांचा माणूस १२ मिलिमीटरचा होतो. आता ०.३ मिलिमीटर जाडीची रेघ ओढली, तर खऱ्या यंत्रात ती सव्वाचार सेंटिमीटरहून मोठी फट झाली. एवढ्या फटीचं यंत्र युद्धात काय टिकणार? म्हणजे पेनाची रेघ जशीच्या तशी ठेवायची नाही. खाचेत शाई उतरू द्यायची आणि काठावरची कापसाच्या काडीनं पुसून घ्यायची. पांढऱ्यावर काळी रेघ चालत नाही, करडी लागते. लाल-पिवळ्यावर तपकिरी. मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. नुक्ता घरातून घेऊन आलेल्या मुलांना काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली. एवढ्याशा खुणेनं शब्द फिरतो हे मला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

मुलाला त्याहून पुढं जायचं होतं. वापरलेलं यंत्र दिसलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी तो सलग चार दिवस शेजारच्या यंत्रमाग कारखान्यात जाऊन उभा राहिला. परत आला तो यादी घेऊनच. रंग कुठं जातो? सपाट भागाचा जात नाही, कडांचा जातो. मागाच्या हँडलवर जिथं कारागिराचा हात पडतो तिथं लोखंड आरशासारखं झालंय, चार बोटांवर गंज आहे. तेल खालीच ओघळतं, वर कधी चढत नाही. सुताची धूळ तेलाला धरून कोपऱ्यात बसते. मग त्यानं स्पंजच्या तुकड्यानं रोबोच्या पावलांच्या कडांवर आणि ढालीच्या टोकाला गडद करडा रंग टिपला, गुडघ्याच्या सांध्यात तपकिरी ओघळ सोडले. माझा मुलगा या शहरात जन्मला, मागाच्या खडखडाटात झोपला आणि जागला. पण माग त्यानं नीट पाहिला तो जपानी रोबोमुळं.

या सगळ्यात घरात एक बोलणं चालू होतं. त्याच्याबद्दलच मला खरं लिहायचं आहे.

मुलगा यंदा दहावी झाला. ८४ टक्के मिळाले. आमच्याकडं ८४ टक्के म्हणजे सायन्स, पुढं नीट नाही तर इंजिनिअरिंग, यात चर्चेला जागा नसते. त्यानं निकालाच्या दिवशी सांगितलं की त्याला आयटीआयला जायचंय. टूल अँड डाय मेकर, साचे बनवण्याचा ट्रेड, दोन वर्षांचा. बायको गप्प झाली. तिचे वडील माग चालवत होते. रात्रपाळीहून येणाऱ्या माणसाचं खोकणं तिनं लहानपणी रोज ऐकलंय. हातानं काम करणाऱ्या घरातून शिकून बाहेर पडायला दोन पिढ्या लागल्या आणि तिसरी म्हणते मला परत यंत्राजवळ जायचंय. मी वर्गात उभा राहून रोज ज्यांना 'शिका' म्हणतो, त्यातली कितीतरी पोरं सोळाव्या वर्षी मागावर गेलेली आहेत. त्यांच्यातल्या कुणाला ८४ टक्के नव्हते. त्यामुळं तिची भीती मला परकी नव्हती.

पण सगळ्यात मोठा विरोध झाला तो अब्बांचा.

अब्बांचं वय आता ७७. ते कातिब होते. उर्दू साप्ताहिकं, शाळांची पुस्तकं, लग्नाच्या पत्रिका, दुकानांच्या पाट्या, सगळं त्यांनी हातानं लिहिलं. एक गुडघा उभा करून त्यावर पाटी टेकवायची आणि बोरूनं नस्तालीक उतरवायचं. नस्तालीकमध्ये अक्षराचं माप फूटपट्टीनं घेत नाहीत, नुक्त्यानं घेतात. बोरूच्या कतीची जेवढी रुंदी तेवढा नुक्ता, आणि नुक्ते रचून अलिफची उंची ठरते. म्हणजे बोरू बदलला की सगळं माप बदलतं, प्रमाण तेच राहतं. अब्बांना १/१४४ समजावून सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, "म्हणजे बारीक कलम."

१९९४मध्ये इनपेज नावाचं सॉफ्टवेअर आलं. नस्तालीक संगणकावर टाइप होऊ लागलं. आधी मोठ्या शहरातले कातिब घरी बसले, मग लहान शहरातले. अब्बांचं काम बंद व्हायला चार-पाच वर्षं लागली. शेवटी फक्त पत्रिका उरल्या, मग त्याही गेल्या. पन्नाशीच्या आसपास ते एका कारखान्यात हिशोब लिहायला लागले आणि पुढची पंधरा वर्षं आकडे लिहीत राहिले. घरात कलमदान आहे. ते उघडलेलं मी पाहिलं नव्हतं.

तर अब्बा नातवाला म्हणाले, "बेटा, जे काम यंत्राला शिकवता येतं ते शिकू नकोस. मी दहा वर्षं उस्तादाच्या पायाशी बसून शिकलो. यंत्र एका वर्षात शिकलं." (आमच्या घरची बोली उर्दू आहे, इथं मराठीत देतोय.) यावर कुणी काय बोलणार? ते पुस्तकातलं वाक्य नव्हतं, त्या माणसाच्या आयुष्याचा जमाखर्च होता.

मुलानं वाद घातला नाही. तो टेबलावर काम करत राहिला आणि अब्बा शेजारी खुर्ची घेऊन बसू लागले. एके दिवशी त्यांनी छातीचा एक तुकडा उलटा करून पाहिला. आतल्या बाजूला बारीक गोल ठसे होते. "हे कशाचे?" मुलानं सांगितलं, थंड झालेला तुकडा साच्यातून ढकलून काढणाऱ्या पिनांचे. ते नेहमी आतल्या बाजूला ठेवतात, म्हणजे दिसत नाहीत. मग कडेची अगदी पुसट रेघ दाखवली. साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथली. मग सांगितलं की साच्यात सगळं उलटं असतं. तुकड्यावर खाच हवी असेल तर पोलादात उंचवटा ठेवावा लागतो. जे भरलेलं दिसायचंय ते कोरून काढावं लागतं.

अब्बा सरळ बसले. "संगसाज," ते म्हणाले.

ही गोष्ट मलाही माहीत नव्हती. लिथोच्या काळात कातिब खळ लावलेल्या पिवळ्या कागदावर लिहायचा, तो मजकूर दगडावर उतरवला जायचा आणि दगडावर तो उलटा दिसायचा. उतरताना एखादं अक्षर तुटलं, नुक्ता उडाला, तर दगडावरच दुरुस्त करावं लागे, आरशातल्यासारखं उलटं. हे काम करणारा तो संगसाज. अब्बा सांगत होते की उस्तादांच्या छापखान्यात एक म्हातारे संगसाज होते. ते उलटं नस्तालीक सुलट्यापेक्षा सुंदर लिहायचे आणि त्यांचं नाव कधीही कुठल्या पुस्तकावर छापलं गेलं नाही. "लोक कातिबाला ओळखायचे. संगसाजाला फक्त कातिब ओळखायचा."

मग त्यांनी विचारलं, "हा साचा कोण कोरतं?" मुलानं सांगितलं. आधी संगणकावर आराखडा, मग सीएनसी यंत्र पोलाद कापतं, बारीक कोपरे तांब्याच्या इलेक्ट्रोडनं ठिणग्या पाडून खोदतात. शेवटी माणूस बसून हातानं पॉलिश करतो, कारण पोलादावर राहिलेला ओरखडा प्रत्येक तुकड्यावर उमटतो. "म्हणजे संगसाज अजून आहे," अब्बा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पण किती दिवस?"

तेव्हा मुलानं विचारलं, "दादा, तुमची दहा वर्षं वाया गेली का?"

अब्बांनी उत्तर दिलं नाही. मगरिबची अजान झाली, ते उठून गेले.

या रोबोंच्या गावाबद्दल मी मधल्या काळात थोडं वाचलं. जपानमधलं शिझुओका हे मॉडेल बनवणाऱ्यांचं शहर. बांदाईचा कारखाना तिथंच, तामिया, आओशिमा या कंपन्याही तिथल्याच. आणि हे शहर मुळात लाकूडकामाचं. तामिया १९४६मध्ये लाकडाची वखार म्हणून सुरू झाली, मग लाकडी मॉडेलं बनवू लागली. प्लॅस्टिक आल्यावर लाकडी मॉडेलांचा बाजार बसला, तेव्हा तिनं १९६०मध्ये पहिलं प्लॅस्टिकचं जहाज काढलं. हे मी अब्बांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ज्यांना प्लॅस्टिक जमलं नाही ते सुतार?" मास्तराची सवय आहे, गोष्ट सांगताना शेवट गोड करण्याची. या प्रश्नानंतर मला तसं करता आलं नाही. त्या सुतारांचं काय झालं हे कंपनीच्या इतिहासात नसतं.

दोन दिवसांनी अब्बा टेबलाशी आले, चष्मा पुसला आणि ढाल मागितली. ढालीवर काही खाचा फार उथळ होत्या. मुलगा त्या सोडून देणार होता. अब्बांनी मार्कर हातात घेतला, वजन पाहिलं, टोक कागदावर टेकवून पाहिलं. मग गुडघा उभा केला आणि त्यावर पुठ्ठा टेकवला. त्यांचा हात आता थरथरतो, चहाचा कप बशीत वाजतो. पण रेघ ओढताना हात हललाच नाही. त्यांनी श्वास धरला आणि पेन स्थिर ठेवून ढाल फिरवली. मुलगा उलटं करत होता, ढाल धरून पेन फिरवत होता. चार रेघा झाल्यावर अब्बा थांबले. "उजेड कमी आहे," म्हणाले, "कातिबाची नजर उजेड खातो किंवा वाचवतो." मी टेबल खिडकीशी ओढलं.

रोबोला शेवटचा मॅट स्प्रे मारायचा राहिला होता. त्यानं प्लॅस्टिकची चकाकी जाते आणि घासलेल्या जागा लपतात. पण हवेत दमट असेल तर तो पांढुरका धरतो, त्यामुळं पावसाच्या आत उरकायला हवं होतं. एका कोरड्या दुपारी गच्चीवर ते झालं. ढालीवरच्या अब्बांच्या रेघा आता स्प्रेच्या खाली कायमच्या आहेत. शेजारच्या चाचांनी रोबो पाहून हळूच विचारलं की हा बुत तुम्ही नमाजच्या खोलीत तर ठेवणार नाही ना. माझी बायको म्हणाली, "चाचा, त्याला पोराच्या खोलीतसुद्धा जागा मिळेना." त्यावर ते हसले. आता तो पुस्तकांच्या कपाटावर उभा आहे.

उरलेल्या जाळ्या मुलानं फेकू दिल्या नाहीत. जपानमध्ये २०२१पासून या रिकाम्या जाळ्या गोळा करून त्यांचं पुन्हा प्लॅस्टिक करण्याची मोहीम चालते, हे त्याला माहीत होतं. आमच्या गावाला ही कल्पना नवी नाही. इथं भंगार प्लॅस्टिकची गिट्टी होते आणि गिट्टीचे पाइप होतात, कुणीही मोहीम न काढता. तो पिशवी घेऊन भंगारवाल्याकडं गेला. त्यानं एक तुकडा मोडला, फरशीवर टाकून आवाज ऐकला आणि सांगितलं की पाइपाच्या मालात हे मिसळता यायचं नाही. पोरगा घरी येऊन मला म्हणाला, "अब्बू, त्याला आवाजावरून कळतं." त्याच्या डोळ्यांत जो आदर होता तो आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाला आलेल्या पाहुण्यांसाठी मी पाहिलेला नाही.

मी अजून ठामपणे काही सांगू शकत नाही. साचे बनवणारा माणूस वीस वर्षांनी लागेल की नाही, हे मला ठाऊक नाही. वीस वर्षांनी मराठीचा मास्तर तरी लागेल का? पण मुलगा एखाद्या वस्तूची उलटी बाजू पाहतो, आतले ठसे वाचतो, ते कुणी आणि कशासाठी ठेवले हे विचारतो. अकरावीच्या कुठल्या शाखेत हे शिकवतात मला माहीत नाही. आम्ही नवरा-बायको दोन रात्री बोललो. तिनं एकच अट घातली, अकरावीचा अर्जही भरून ठेवायचा. ते भरलं.

आयटीआयच्या अर्जात पसंतीक्रम द्यावा लागतो. पहिल्या रकान्यात नाशिकचं आयटीआय आणि टूल अँड डाय मेकर. नाशिक इथून शंभर किलोमीटरच्या पुढं, म्हणजे रोज जाणं-येणं नाही, हॉस्टेल आलं. मी पसंतीक्रम मोठ्यानं वाचून दाखवला. बायकोनं मान हलवली. अब्बा तसबीह फिरवत बसले होते. आम्हाला वाटलं ते ऐकत नाहीत. मुलगा उठायला लागला तेव्हा त्यांनी विचारलं,

"हॉस्टेलमध्ये उजेड कसा आहे?"